सवायकी

बेटाचं नाव सवाई.
तिकिटं काढताना तूच हसला होतास,
"चौथीत अडलेली तुझी सवायकी
आता समुद्रात जाऊन घोकू."
दोन तिकिटं होती. एक रद्द केलं.
तीस टक्के परत आले, बाकीचे नियमात गेले.

फेरीबोटीत पोत्यात बांधलेलं डुकराचं पिल्लू होतं
आणि चर्चसाठी निघालेली नवी कोरी बाजाची पेटी.
लाट आली की दोघंही ओरडायची.

पेनिनाच्या खोपीला भिंतीच नाहीत.
खांब, छप्पर, वाळूवर फळ्या,
आणि झापांचे पडदे: पाऊस आला की खाली, गेला की वर.
आपल्याकडे भिंतीला कान असतात,
इथे कानांना भिंत लागत नाही.
पहिल्या रात्री मी चादरीच्या आत कपडे बदलले,
तेव्हा तीन कुत्रे तोंड फिरवून बसले,
अगदी घरंदाज.

जेवायला पानात गुंडाळलेलं काहीतरी आलं.
सोडलं, तर अळू!
नारळाच्या दाट रसात मऊ झालेलं, खाज अजिबात नाही.
"चिंच नाही घालत?" मी चक्क मराठीत विचारलं.
"येस, येस," म्हणाली पेनिना
आणि आणखी वाढलं.

दिवेलागणीला शंख वाजला.
मी पाण्यातून येत होते,
तुझा पंचा खांद्यावर, पाय वाळूने भरलेले.
तिचा नातू इओसेफो समोर आला,
हाताने खूण केली: बस.
बसले. आहे तिथेच.
सगळं गाव बसलं होतं.
रस्त्यावरची गाडी थांबलेली, चेंडू एका पोटाशी धरलेला,
उघड्या घराघरांतून प्रार्थनेचे सूर
एकमेकांत मिसळत आलेले.
दहा मिनिटं हलायचं नाही, गावाचा कायदा.
मला प्रार्थना आठवेना. पाढा आठवला.
एक सवा सव्वा,
बे सवा अडीच,
तीन सवा
आणि अडले. नेहमीच्या जागी.

सकाळी बघते, तर पंचा दोरीवर नाही.
दारासमोर पांढऱ्या फरशीचं थडगं आहे,
त्यावर उशांचे अभ्रे, इओसेफोचा गणवेश,
कोपऱ्यात धुऊन पालथं घातलेलं पातेलं,
आणि मधोमध, चारी टोकांना खडे ठेवून, तुझा पंचा.
माझा चेहरा बघून पेनिना म्हणाली,
"इओआने. नवरा. दगड छान तापतो."
मग जरा थांबून,
"जिवंत होता तेव्हा नुसता पडून असायचा.
आता कामाला येतो."

मी हसले. नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले,
तिला कळलं असावं त्यातलं अर्धं पाणी कशाचं.
पाठीवर एक जड हात पडला आणि बराच वेळ राहिला.

मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत, थोडं खुणांनी सांगितलं.
आमच्यात जाळतात.
परतताना मागे वळून बघायचं नसतं.
घरी येऊन अंघोळ. तिसऱ्या दिवशी राख पाण्यात.
ती ऐकत होती, अभ्रे उलटे करत,
कपाळाला आठ्या.
शेवटी खरोखरच्या काळजीने तिने विचारलं,
"मग कपडे कुठे वाळत घालता?"

गॅलरीत, म्हटलं मी.
उत्तर बरोबर होतं, तरी चुकल्यासारखं वाटलं.

रात्री चांदणं एवढं, की झोप येईना.
खोपीतून थडगं दिसत होतं.
मी उठून पंचा आणायला गेले, कुत्रे सोबतीला.
हात लावला. फरशी अजून कोमट होती.
नाही उचलला.
"इओआनेभाऊ, राहू द्या रात्रभर," एवढं म्हणून परत आले.

निघताना बिल मिळालं, वहीच्या चौकटीच्या पानावर:
माणूस एक, रात्री तीन, शहाळी सहा, मासे.
आणि घडी घातलेला पंचा,
एका टोकाला अजून ओलसर, दवाने असेल.

फेरीबोट सुटल्यावर आठवलं.
तीन सवा पावणेचार!
मी मोठ्याने म्हणाले असावे,
शेजारची बाई टोपली उचलून जरा सरकली.
पुढचा पाच, एकदम पूर्ण आकडा,
तिथवर आलीस की सुटलीस, तू म्हणायचास.
पण धक्का दिसायला लागला होता
आणि सगळे आपापलं सामान शोधत उभे राहिले.